घरी विचारून सांगतो

तीस वर्षं मास्तरकी केली, पण एकाही कागदावर कोणासाठी जामीनदार म्हणून सही केली नाही, याचा मला भारी गर्व होता. पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म घेऊन कोणी आला की मी त्याला चहा पाजायचो, फॉर्म नीट वाचायचो, एखादी चूकही दुरुस्त करून द्यायचो. मग म्हणायचो, "घरी विचारून सांगतो." घरी मी बायकोला कधीच काही विचारलं नाही. शिक्षकांना अर्थ कळायचा. ते पुन्हा यायचे नाहीत.

निवृत्तीनंतर घरमालकाने सिंदीचं आमचं भाड्याचं घर खाली करून मागितलं. खालच्या कोर्टात आम्ही हरलो. तोवर बायकोची नजर जवळपास गेली होती. ओट्यापासून माठापर्यंत सहा पावलं, माठापासून मागच्या दारापर्यंत अकरा, अशी ती मोजून चालते. नव्या घरात तिला या वयात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं.

वर्ध्याला अपील केलं. कोर्टाने ताबा तूर्त थांबवला, पण अट घातली. पंधरा दिवसांत ऐपतदार जामीनदार आणायचा. आम्ही अपील हरलो तर मधल्या काळाची भरपाई करीन, असा कतबा, म्हणजे हमीचा कागद, त्याने लिहून द्यायचा. नाहीतर बेलीफ येऊन घर रिकामं करणार.

मी हिंडू लागलो. साडू, शेजारी, बरोबरीचे दोन हेडमास्तर. सगळ्यांनी चहा पाजला. एकाने तर कतब्याच्या मसुद्यातली चूकही दाखवली. आणि सगळे म्हणाले, घरी विचारून सांगतो. माझंच मला परत मिळत होतं, तरी मला त्यांचाच राग येत होता. असा मी माणूस.

बाराव्या दिवशी आमच्या शाळेचा जुना चपराशी दारात उभा. लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज काढायला त्यानेही एकदा मला सही मागितली होती.

"सर, तुमाले जमानतदार पायजे म्हणे," तो म्हणाला. पिशवीतून अल्लीपूरच्या शेताचा सातबारा आणि तहसिलीचा ऐपतदाखला त्याने काढला. दाखल्यासाठी तो आठ दिवसांपासून खेटे घालत होता.

कोर्टात त्याने कतब्यावर सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. परतताना बसमध्ये मला राहवेना. "भाऊ, माझ्यासाठी काऊन केलं एवढं? मी तर तुम्हाला सही दिली नव्हती."

"सही नाई देली, पण पैसे तं देले ना," तो म्हणाला. "तुमी म्हटलं, घरी विचारून सांगतो. दोन दिवस वाट पाह्यली, मंग मीच विचाराले तुमच्या घरी गेलतो. तुमी शाळेत होते. बाईनं भिशीचे पैसे काढून हातावर ठेवले. म्हणे, सरांनी विचारलं मले, मी हो म्हटलं."

सिंदी येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

बायको पावलं मोजत दारापर्यंत आली. "झालं काय काम? कोनं केली सही?"

मी सांगितलं. तिने चाचपून चौकट धरली.

"परत देले होते त्यानं पैसे," ती म्हणाली. "तुमाले सांगाचंच राह्यलं."