शैलाकाकू आणि आमचा कचऱ्याचा डबा

शैलाकाकू आमच्याकडे आल्या की आधी कचऱ्याचा डबा बघायच्या. लोक घरात आल्यावर पंखा लावायला सांगतात, पाणी मागतात, निदान "काय चाललंय?" एवढं तरी विचारतात. काकू चपला दाराबाहेर काढायच्या, थेट स्वयंपाकघरात जायच्या आणि ओट्याखालचा डबा बाहेर ओढायच्या. आम्ही हेंद्रेपाड्यात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या या बाई वाटीभर मेतकूट घेऊन ओळख करून घ्यायला आल्या आणि माझं नाव विचारायच्या आत डब्यातून पाच लिंबांची सालं वेचून मोकळ्या झाल्या.

"अगं, ही टाकलीस?"

"पिळून झाली होती, काकू."

"रस पिळून झाला. सालाचं काय?"

सालाचं काय, हे मला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आठ दिवसांनी सरबताच्या जुन्या बाटलीत हिरवट-पिवळा दाट लगदा माझ्या ओट्यावर येऊन बसला. सालं मीठ घालून उकडायची, मिक्सरमधून काढायची, गाळायची, की भांडी घासायला तयार. माझी वर्षानुवर्षांची काळी कढई त्याने दोन दिवसांत आरशासारखी झाली आणि मला उगाचच अपराध्यासारखं वाटायला लागलं. "टाकायला काय अक्कल लागते?" हे काकूंचं आवडतं वाक्य होतं. ते त्यांनी मला, माझ्या नवऱ्याला आणि एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनाही ऐकवलेलं आहे.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. ते गेल्यावर काकू एकट्याच राहत होत्या, पण घर मात्र दहा माणसांचं असल्यासारखं सतत काहीतरी शिजवत, वाळवत, मुरवत असायचं. गॅलरीतल्या दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्यांना लटकत. संपत आलेल्या साबणाच्या चकत्या एकत्र वितळवून त्यांनी केलेला गोळा इतका टणक असायचा की तो हातातून निसटून पायावर पडला तर डॉक्टरांचा खर्च साबणाच्या बचतीपेक्षा जास्त आला असता. देवाच्या वाती घरच्या, उटणं घरचं, दंतमंजन घरचं. जांभळांच्या दिवसांत अख्ख्या बिल्डिंगने बिया त्यांच्याकडे पोचवायच्या असा नियमच होता. त्यांची पूड करून त्या मधुमेहवाल्यांना वाटत. मधुमेहवाले ती घेत आणि काकू वळल्या की जिलबी खात.

हे सगळं राहायचं कॉफीच्या, जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांत. एकाही बाटलीवर नाव नाही. मी एकदा हौसेने लेबलं चिकटवून द्यायचा प्रस्ताव मांडला, तर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

"झाकण उघडलं की कळतं ना बाई. चिठ्ठी कशाला?"

हाच न्याय पाककृतींनाही. त्यांच्या सासूबाईंचा गोडा मसाला म्हणजे काकूंची खरी इस्टेट. तो शिकायला मी वही-पेन घेऊन बसले आणि दहा मिनिटांत वही मिटली. धणे किती भाजायचे? "वास येईपर्यंत." खोबरं? "त्याचा वास बदलेपर्यंत." आणि दगडफूल? "मापाचं मला विचारू नकोस, वैशू. वास सांगेल." तो वास मला काय सांगायचा ते मला कधीच कळलं नाही. माझ्या हातचं दगडफूल एकदा करपलं आणि आम्ही वर्षभर कडू आमटी खाल्ली.

मसाल्याचं सामान आणायला आम्ही दरवर्षी उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात जायचो. तिथला ठरलेला सिंधी दुकानदार काकूंना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. काकू गोणीत हात घालून मूठभर दगडफूल नाकाशी न्यायच्या.

"शेठ, ये किधर का माल है? मिट्टी का वास मारता है."

"आंटी, एकदम फ्रेश है. कल ही उतरा है."

"कल उतरा होगा, पण गोणी में कितने दिन बसला था? वो दुसरी गोणी निकालो, जो घर के वास्ते रखी है."

"आंटी, आप तो सूंघ-सूंघ के ही आधा माल खतम कर देती हो," असं म्हणत तो आतली गोणी काढायचा. ती दरवेळी असायचीच, हे विशेष.

करोना आला, काकूंना होऊन गेला, त्या खडखडीत बऱ्या झाल्या. त्यानंतरच्या वर्षी दुकानात त्यांनी मूठ स्वतःच्या नाकाशी नेण्याऐवजी माझ्या नाकाखाली धरली. "तू बघ गं. मला सर्दी आहे." मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षीही त्यांना सर्दीच होती. तरी माझ्या काही डोक्यात आलं नाही.

मग संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ताप आला. तोंडाला चव नाही म्हणून काकूंनी लगबगीने मेतकुटाची बाटली पाठवली. मी मऊ भात, वर तूप, वर दोन चमचे मेतकूट असं कालवून त्याला दिलं. संदीपने दोन घास खाल्ले आणि तो विचारात पडला. "वैशाली," तो म्हणाला, "माझ्या डोक्यात ताप गेलाय का बघ. भाताला गुलाबाचा वास येतोय." मी चव घेतली. ते दिवाळीचं उटणं होतं. रंग जवळजवळ तोच, पीठ तसंच मऊसूत. संदीप पुढे कित्येक दिवस आपली कांती आतून उजळली असं सांगत फिरत होता.

मी हसत हसत बाटली घेऊन समोर गेले. आता काकूंची चांगली फिरकी घ्यायची असं ठरवूनच गेले होते. "काकू, हे काय आहे सांगा बरं?" काकूंनी झाकण उघडलं. बाटली नाकाशी धरून डोळे मिटले, लांब श्वास घेतला. खोलीभर गुलाब आणि आंबेहळद दरवळत होती.

"मेतकूटच की," त्या ठामपणे म्हणाल्या. "हिंग जरा जास्त पडलाय."

माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. काकूंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. बाटली टेबलावर ठेवून त्या बराच वेळ झाकण घट्ट फिरवत बसल्या.

"त्या करोनाच्या तापात गेला वास. परत आलाच नाही," त्या म्हणाल्या. "मेधाला सांगू नकोस."

मेधाताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नागपूरला असते. आईने आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तिचा कधीचा हट्ट होता आणि काकू तो कधीच्या टोलवत होत्या. "वास येत नाही म्हटल्यावर ती पहिलं गॅसचं विचारेल. मग मला एक दिवस इथे ठेवायची नाही. तिच्या घरात मी काय करू? तिथे सगळं पाकिटातून येतं."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून मी काकूंचं नाक झाले. अंबरनाथच्या शाळेत मी ऑफिसात काम करते. सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर मी त्यांच्या घरात शिरून दूध, दही, उरलेली भाजी आणि गॅसची शेगडी यांचा वास घ्यायची. समोरून कुणी बघितलं असतं तर शाळेने मला नोकरीवरून काढून पोलिसांच्या कुत्र्याच्या जागी घेतलं असं त्याला वाटलं असतं.

चैत्रात मसाला करायचा दिवस आला तेव्हा मी घाबरले होते. मला वास यायचा, पण नेमका कुठला म्हणजे झालं, ते कळायचं नाही. काकूंना कळायचं, पण वासच यायचा नाही. त्यांनी मला कढईपाशी उभं केलं आणि स्वतः शेगडीच्या पलीकडे स्टूल घेऊन बसल्या.

"तू परतत राहा. माझ्याकडे बघू नकोस."

मी दगडफूल तेलावर परतत होते. काकू कढईत बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "बंद कर."

मी गॅस बंद केला. "कसं कळलं?"

"तुझ्या भुवया उडाल्या आणि नाकपुड्या फुगल्या. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं गं बाई. सासरी कसं निभावलंस देव जाणे."

मसाला असा उतरला की संदीप नुसत्या आमटीच्या तीन वाट्या प्यायला. पुढे दोन वर्षं आम्ही असाच मसाला केला. माझं नाक, त्यांची अक्कल. मला वाटलं, आता असंच चालेल.

आणि एका संध्याकाळी मी जिना चढून आले तर आमच्या पॅसेजमध्येच गॅसचा वास होता. मी काकूंचं दार ढकललं. डास येतात म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. ओट्यावर दूध उतू जाऊन वाळलेलं, ज्योत विझलेली, बटण चालूच. काकू देवापाशी उभ्या होत्या. निरांजनात नवीन वळलेली वात घातलेली आणि हातात काडेपेटी.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. काडेपेटी हिसकावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यावर आणून बसवलं. काकू मात्र आधी माझ्यावर रागावल्या, मग त्यांच्या लक्षात आलं.

"अर्धा लिटर दूध गेलं की गं," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "मेधाला नाही ना सांगणार?"

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी मेधाताईला फोन केला. मला दुसरं काही सुचलं नाही. सकाळ-संध्याकाळचं नाक दुपारी काही कामाचं नव्हतं, हे मला जिन्यावरच कळून चुकलं होतं. बरोबर केलं असं मी आजही म्हणेन, पण काकूंचा चेहरा आठवला की माझा आवाज जरा बारीक होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "तू नाही म्हणाली होतीस, वैशू."

मेधाताई काकूंना नागपूरला न्यायला आली आणि आठ दिवसांत घर आवरलं. काकूंनी बिल्डिंगभर बरण्या वाटल्या. पहिल्या मजल्यावर भाजणी गेली, तिसऱ्यावर दंतमंजन गेलं, सेक्रेटरींकडेसुद्धा साबणाचा गोळा गेला. आमच्या दारात एकही बाटली आली नाही. निघायच्या दिवशी त्या किल्ली द्यायला आमच्याकडे आल्या. हॉलमध्ये खुर्चीच्या टोकावर बसल्या, पंखा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "घोटभर पाणी दे." ओट्याखाली डब्यात सकाळच्या मोसंब्यांची सालं काठोकाठ भरली होती. काकू स्वयंपाकघराकडे फिरकल्याही नाहीत. पाणी पिऊन उठल्या आणि गेल्या. मला फार लागलं ते. शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. मेधाताई सांगायची, आई बरी आहे, पण स्वयंपाकघरात जात नाही, नुसती टीव्हीपुढे बसते. चैत्र आला. मी एकटीच उल्हासनगरला जाऊन सामान आणलं. शेठने मागितल्याशिवायच आतली गोणी काढली आणि आंटी कुठे म्हणून विचारलं. सामान आठवडाभर तसंच पडून राहिलं. कढई चढवायचा मला धीर होत नव्हता.

रविवारी सकाळी फोन वाजला. मेधाताईचा व्हिडिओ कॉल होता. उचलला तर पडद्यावर काकूंचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा.

"मसाला केलास?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"नाही, काकू."

"का? दगडफुलाचं लोणचं घालणार आहेस?" मागून मेधाताईने फोन सरळ केला असावा, कारण आता काकू पूर्ण दिसल्या. वाळल्या होत्या. "इथे पाकिटातला मसाला खाऊन कंटाळा आला. करायचा म्हटलं तर इथे कुणाच्या तोंडावर काही दिसतच नाही. जावयांचं तर श्रीखंड खाताना आणि दाढी करताना तोंड एकच. चढव कढई."

मी फोन तेलाच्या डब्याला टेकवला. धणे झाले, खोबरं झालं, दगडफूल कढईत पडलं. ते नीट दिसावं म्हणून मी फोन उचलून कढईवर धरला.

"कढई काय दाखवतेस? तोंड दाखव!"

मी फोन परत टेकवला आणि परतत राहिले. काकू पडद्याला नाक लावून बघत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

"रडू नकोस, मला वास दिसत नाही," काकू ओरडल्या. मी पदराने तोंड पुसलं. दगडफुलाचा वास वर आला.

"बंद कर."

मी बंद केला. अगदी नेमका क्षण होता. कढई उतरवून मी परत फोनपुढे आले. आता काकू फोन ठेवतील असं मला वाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"वैशू," त्या म्हणाल्या.

"काय, काकू?"

"डबा दाखव."

"मसाल्याचा?"

"कचऱ्याचा."

मी ओट्याखालून डबा ओढला आणि फोन त्याच्यावर धरला. आत रात्रीच्या सरबताची पिळलेली लिंबं होती, सात-आठ तरी असतील.

"ही टाकलीस?" काकू म्हणाल्या. "काढ बघू आधी बाहेर."