तेरा दिवसांचा दुखवटा

लातूरच्या ऑफिसात माझी खुर्ची टिकली ती बदलवाल्या सरांमुळे. हे आधी सांगते, मग त्यांच्यावर हसते. आमची कंपनी ठिबकचे पाईप विकते. गिऱ्हाइकांची नावं, गावं, तक्रारी ज्या सॉफ्टवेअरात भरतो, त्यात काहीही बदलायचं तर सरांची मंजुरी लागे. म्हणून ते बदलवाले सर. सॉफ्टवेअरातला रकाना गेला म्हणून दुखवटा पाळणारा माणूस अख्ख्या दुनियेत दुसरा नसेल.

नवा रकाना मागणाऱ्याला ते एकच विचारत, "कोन्या गिऱ्हाइकासाठी? नाव सांगा, गाव सांगा." विक्रीवाल्या पोरांना एकदा वाढदिवसाचा रकाना हवा होता, शुभेच्छा पाठवायला. सरांनी तिथल्या तिथं जळकोटच्या एका शेतकऱ्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. "मामा, वाढदिवस कधी तुमचा?" पलीकडून उत्तर आलं, "एक जून. मास्तरनं आमच्या सगळ्या वर्गाला एक जूनच लावली. ते ऱ्हाऊ द्या, पाईप कधी धाडून राहिले?" सर पोरांकडं वळले, "बगा, एक जूनला अर्ध्या जिल्ह्याला केक धाडावा लागंल!" रकाना बारगळला. जुना काढायचा तर तऱ्हा आणखी न्यारी. आधी तो तेरा दिवस नुसता झाकायचा. भिंतीवर कागद लागे, अमुक रकाना गेला, कुणाचं अडत असेल तर तेराव्याच्या आत सांगा. तेवढे दिवस सर बिनसाखरेचा चहा पीत आणि स्टूल घेऊन एकेकाच्या टेबलाशी गप्प बसत, भेटायला आल्यासारखे. तेराव्याला सगळ्यांना बुंदीचा लाडू. त्यानंतर कुणी कुरकुरलं की म्हणत, "आता न्हाई. लाडू खाल्ला ना?"

मी गोंदियाकडची. नवऱ्याला इथं दालमिलमध्ये काम लागलं म्हणून आले. शाळा सातवीतच सुटलेली. नोकरी मागताना मात्र दहावी सांगितलेली. फोन घ्यायचे आणि गिऱ्हाईक बोलेल ते शेऱ्याच्या रकान्यात मराठीत उतरवायचं, एवढं मला छान जमे. मग पुण्याच्या मुख्य ऑफिसातून, सरांच्याही वरून हुकूम आला, शेरा बंद, आता इंग्रजी यादीतून कारण निवडा. अक्षरं मी जुळवायची, पण अर्थ लागायचा नाही. प्रत्येक तक्रार मी यादीतल्या शेवटच्या, 'इतर'च्या ओळीत ढकलू लागले, आणि तिथं गेलेल्या तक्रारीला कुणी दुरुस्तीला जाईना. शेरा गेल्याचा भिंतीवरचा कागद रोज वाचायची. अडतंय म्हणावं तर का अडतंय ते सांगावं लागणार. न सांगावं तर नोकरी जाणार.

बाराव्या दिवशी सर स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले. नेमका किल्लारीच्या एका बाईंचा फोन आला. "ताई, पाणी ठिबकंना गेलंय, नुसतं थुंकून राहिलंय बगा!" मी यादीवर बाण फिरवत राहिले. सर वाकून पडद्याकडं बघत होते.

"थुंकणं कुठं हाय ह्यात?"

"सापडत नाही, सर."

"हाव. मलाबी सापडंना."

बस, एवढंच. उठून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पुण्याला फोन लावून म्हणाले, "साहेब, ही यादी मला कळंना. माझ्या नावापुढं अडाणी लिवा, पर शेरा परत द्या." शेजारचा हिशेबनीस खिदळला, "सर, तुम्ही तर एम.एस्सी.!" "हाव, पर गणितात. गणितात पाणी थुंकत न्हाई." दुपारी शेरा परत आला, यादीही मराठीत झाली. लाडू आणले नव्हते. पण चहात सरांनी तीन चमचे साखर घातली.

त्यांना काय कळलं होतं? खरंच नुसतं थुंकणं सापडलं नव्हतं, की यादीवर नुसताच फिरणारा माझा बाण दिसला होता? मी पुष्कळ विचार केला, पण विचारायची हिंमत झाली नाही. आता ते नांदेडच्या शाखेत आहेत. कधी फोनवर भेटतात, "ताई, काही अडतंय का?" म्हणतात, आणि मी सवयीनं "नाही सर" म्हणते. ज्या माणसानं जन्मभर लोकांकडं खरी अडचण तेवढी मागितली, त्याला मी अजून तीच दिलेली नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. पास होवो न होवो, एक दिवस नांदेडला जाईन, सरांसमोर बसेन आणि त्यांनी न विचारता सांगेन, "सर, माझी शाळा सातवीतच सुटली होती." त्यांचं देणं मी तेवढ्यानंच फेडू शकेन, आणि ते फेडणार आहे.