ऑलिव्हचं पान मोडताना

ऑलिव्हच्या बागांमधून छाटणीचे भारे आले की ते थेट तिच्या माळ्यावर चढायचे. फांद्यांवरची पानं ओरबाडायची, धुवायची, फडक्यावर निथळवायची आणि जाळीच्या ताटांत अशी पसरायची की एक पान दुसऱ्याच्या अंगावर पडता कामा नये. खिडक्या सताड उघड्या, पण त्यांवर जाड पडदे. वारा हवा, ऊन नको. उन्हात पान दोन दिवसांत वाळतं खरं, पण तपकिरी पडतं, आणि तपकिरी पानाचा काढा म्हणजे नुसतं रंगीत पाणी, असं तिचं ठाम मत. तेवीस वर्षं हेच चाललेलं, म्हणून सगळे तिला सावलीबाई म्हणत. नवरा हयात असताना म्हणायचा, "लग्नाच्या फोटोतही हिने मला झाडाखाली उभं केलं. करपेन म्हणून!"

पान वाळलं की नाही, हे ती कानाने ठरवायची. आठव्या-नवव्या दिवशी ताटाच्या मधलं पान कानाशी धरून मोडायचं. कट्‌कन वाजलं तर पोत्यात भरायचं. मुकाट वाकलं तर मधल्या शिरेत ओल आहे, अजून थांबायचं.

आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एक पोतं परत आलं. चहाच्या पुड्या भरणाऱ्या कारखान्याचा मुकादम स्वतः घेऊन आला.

"सावलीबाई, जरा हुंगून बघा."

कुबट वास. आतल्या पानांवर पांढरी बुरशी.

"हवा दमट होती," ती म्हणाली.

"असेल. तुमचं पोतं मी कधी उघडतही नव्हतो हो. आता पुढचंही असंच निघालं, तर मालक पानं यंत्रावर वाळवायला देणार. मी आपला निरोप्या."

हवेचा दोष नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेलं वर्षभर पानं वाजतच नव्हती. आधी तिला वाटलं, पानंच आळशी झाली. वाट पाहत बसली, तर त्यांचा चुरा झाला. मग दिवस मोजून पोती भरू लागली. बोटांना घट्टे पडलेले, त्यांनाही फरक कळेना.

हे लेकीला सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. लेक माळ्यावर तिच्याबरोबरच राबायची. पण वर्षभरात ती फार तिरसट झाली होती. समोर येऊन उभी राहायची, डोळे मोठे करून एकेक शब्द ठासून बोलायची. कंटाळली असणार बिचारी, आईला वाटायचं. त्यात आपले कान गेले हे कळलं, तर पोर जन्मभर इथे अडकून पडेल.

नव्या भाऱ्याच्या नवव्या दिवशी तिने पान कानाशी धरलं, दुमडलं आणि मान हलवली. "वाळलं. भर."

लेकीने ते पान तिच्या हातातून घेतलं. "आई, हे मोडलंच नाहीये. वाकलंय नुसतं."

"मोडलं. ऐकलं मी."

लेक तिच्या पाठीमागे गेली. क्षणभराने पुढे येऊन म्हणाली, "मी आत्ता काय म्हणाले?"

"काहीतरी... पोत्याचं."

"म्हणाले, खाली दूध उतू जातंय."

ती धडपडत जिन्याकडे निघाली. लेकीने दंड धरला. "बस गं. दूधच नाहीये घरात."

आई रिकाम्या पोत्यांवर टेकली. "तू चिडतेस ना माझ्यावर? वर्ष झालं."

"चिडते? अगं, ओरडल्याशिवाय तुला पोचत नाही म्हणून ओरडते! घसा बसलाय माझा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, सांगशील तेव्हा सांगशील. पण पोतं परत आलं, आता गप्प बसवेना."

"तुला अडकवायचं नव्हतं गं."

"मी जाईन तेव्हा तुझ्या तोंडावर सांगून जाईन. कानात नाही," लेक म्हणाली, आणि दोघी हसल्या. आईचं हसता हसता नाक वाहू लागलं.

लेकीने स्वयंपाकघरातला वजनकाटा वर आणला.

"पान काय वजनावर वाळतं?" आईने नाक मुरडलं.

"पाणी गेलं की हलकं होणारच ना? सलग दोन दिवस वजन उतरलं नाही, की समजायचं, आत उतरायला काही उरलं नाही."

रोज तीच मूठभर पानं काट्यावर चढू लागली आणि ताटाच्या कडेवर खडूने आकडे पडू लागले. दहाव्या दिवशी वजन घटलं, अकराव्या दिवशी थोडं आणखी. मग बाराव्या आणि तेराव्या दिवशी आकडा हललाच नाही. पानं अजून हिरवीच होती. तरीही तिने चौदाव्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मुकादमाने यावेळी पोतं तिथेच उघडलं. कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठभर पानं काढली, हुंगली, चुरडली. मग पोत्याचं तोंड बांधत खाली वाकूनच काहीतरी पुटपुटला.

इतके दिवस ती अशा वेळी अंदाजाने 'हो' म्हणत आली होती.

"वर बघून बोला," ती म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

मुकादम चपापून उभा राहिला. "म्हटलं, पुढच्या आठवड्यात किती पोती द्याल?"

"आकडे बघून सांगते," सावलीबाई म्हणाली.