पंचवीसशे वीस धागे

आकड्यांच्या बाबतीत मी कुणाला हार जात नसे. माहेर जवाहरनगरच्या क्वार्टरातलं, मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी विणकरांच्या घरात आले, तेव्हा आठवड्याभरातच मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे मोजायचं काम माझ्याकडे दिलं. त्यांची स्वतःची शाळा दुसरीतच सुटलेली. या कामाचा मला फार तोरा होता.

त्या घरात लुगड्याच्या ताण्याला पंचवीसशे वीस धागे लागत. कमी नाही, जास्त नाही. का, म्हणून विचारलं तर मामाजी म्हणायचे, "आमच्या बुढ्यापासून तेवढेच हायेत." मला त्या विसाचा रागच यायचा. पंचवीसशे कसा सुटसुटीत आकडा, त्याला ही शेपटी कशाला?

नणंदेचं लग्न सिहोऱ्याला ठरलं. तिच्या लुगड्याच्या वेळी मी ठणकावून सांगितलं, "मामाजी, या खेपेला पंचवीसशेच लावू." ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी मोजून दिले, त्यांनी मागाच्या फणीत ओवले.

लुगडं चौकड्यांचं होतं, एकेक चौकडा नव्वद धाग्यांचा. चार बोटं विणून झालं आणि कडेचा चौकडा तोकडा निघाला. सत्तावीस पुरे, अठ्ठाविसावा सत्तरातच संपलेला. मी वाचवलेले वीस धागेच तिथे कमी पडले होते. नवरीच्या अंगावर मोडका चौकडा आमच्याकडे चालत नाही. नणंद रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मोजणी हातची जाणार, हेही कळलं.

मी पाटी घेऊन मागाशेजारीच बसले. पंचवीसशे वीसला दोनानं भागलं, तिनानं, चारानं, पार दहापर्यंत. सगळ्यांनी भाग गेला. सातासारख्या आडमुठ्यानंही, तीनशे साठ वेळा! एकापासून दहापर्यंत साऱ्यांना पुरणारा याहून लहान आकडाच नाही. पट्टे पाच पाडा, सात पाडा, नऊ पाडा, धागा उरत नाही. माझा पंचवीसशे तिनालाच अडखळला.

मामाजींनी कोनाड्यातून कागदाची पुडी काढली. तिच्यात रंगवलेले वीस धागे होते, हव्या त्या लांबीचे. फणीत कडेला तेवढी जागाही त्यांनी रिकामी सोडली होती.

"मामाजी, आधीच का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त आयकली असती काय तू?"

"नाही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

ते वीस धागे त्यांनी मलाच ओवायला लावले. लुगडं विणून झाल्यावर मोडक्या चौकड्याची चार बोटांची पट्टी कापून काढली आणि नणंद उरलेलं अखंड लुगडं नेसून सिहोऱ्याला गेली. पट्टी मी पेटीत ठेवली, अजून आहे.

वरात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजींनी नव्या ताण्याचं सूत माझ्यापुढे आणून ठेवलं.

"मोज, बाई," ते म्हणाले. "आता तुले येते."