सामान पुढे नेणारा माणूस

माझे दाजी अकरा वर्षं लोकांच्या बॅगा वाहत होते. आमच्या गावापासून डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत यात्रेकरूंची जुनी वाट जाते. शेकडो वर्षं लोक ती पायी चालले. आता एक कंपनी त्या वाटेवर सायकलच्या सहली काढते. बरोबर वाटाड्या नाही, घोळका नाही. सायकल, हेल्मेट आणि एक छापील पुस्तिका हातात द्यायची: पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळा, आठशे मीटरवर दगडी कठडा लागेल, रंगवलेले बाण बघत जा. सहा दिवस, पाच मुक्काम. माणूस वाटेनं जातो, त्याची बॅग हायवेनं. सकाळी नऊला लॉजवर बॅग ताब्यात घ्यायची, व्हॅनमध्ये टाकायची, दुपारी दोनच्या आत पुढच्या लॉजवर खोलीत ठेवायची, हे दाजींचं काम.

बॅग पंधरा किलोंच्या वर नको, असा नियम होता. दाजींना वजनकाटा लागत नसे. हाताला हिसका बसला की सांगायचे, "साडेसोळा." एका बाईंनी इस्त्री आणली होती. देवाला भेटायला जाताना परीटघडी हवी, म्हणून दाजी कितीतरी दिवस घरी हसत होते. माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, म्हणायची, "मला उचलून सांगा की किती भरते." दाजी म्हणायचे, "तुझं सामान सहलीत बसत नाही."

बोलका माणूस. पण कामावर तोंड बंद ठेवायचं, हे त्यांना एकदा बजावण्यात आलं होतं. एक नवरा-बायको आपसात भांडून रडवेले झाले होते, तेव्हा यांनी आपुलकीनं काय झालं म्हणून विचारलं, आणि त्यांची तक्रार गेली. कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या, लोक इथे शांततेसाठी येतात, आपण फक्त सामान उचलायचं.

दोन वर्षांपूर्वी, हंगाम संपता संपता, गणिताचे एक सर एकटेच आले. पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला मऊ. त्या आठवड्यात वाटेवर दुसरं कुणीच नव्हतं. पहिल्या सकाळी दाजींनी त्यांची तपकिरी कॅनव्हासची बॅग उचलली. बरोबर पंधरा.

दुसऱ्या सकाळी ती अकरा भरली. दाजींना वाटलं, सायकलवरच्या पिशवीत काही घेतलं असेल. तेवढ्यात लॉजवाल्या बाई म्हणाल्या की सरांचे दोन स्वेटर आणि तीन पुस्तकं पलंगावर घडी घालून ठेवलेली सापडली, विसरले वाटतं. तिसऱ्या दिवशी दाजींनी सरांना तसं सांगितलं.

"विसरलो नाही, ठेवलेत," सर म्हणाले. "कुणाला थंडी वाजत असेल तर द्या." आणि छान हसले.

त्या दिवशी बॅग आठ किलो होती. चौथ्या दिवशी पाच. दुसऱ्या लॉजवर बूट राहिले, तिसऱ्यावर दाढीचं सामान. पाचव्या सकाळी दाजींनी बॅग उचलली तेव्हा हात एकदम वर गेला, रिकामा तांब्या उचलावा तसा. सर शेजारीच हेल्मेटचा पट्टा लावत होते. दाजी म्हणाले, "सर, आज बॅग अगदीच हलकी आहे."

"हो, तुम्हाला त्रास कमी," सर म्हणाले, आणि सायकलवर बसले.

दाजींनी फोन खिशातून काढला. मालकीणबाईंना काय सांगणार? गिऱ्हाइकाची बॅग हलकी आहे? फोन परत खिशात गेला. दुपारी त्यांनी बॅग पाचव्या लॉजवर खोलीत ठेवली आणि व्हॅन घेऊन घरी आले.

सर त्या लॉजवर पोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल नदीवरच्या जुन्या पुलाला टेकवलेली सापडली. कुलूप लावलेली, किल्ली पुस्तिकेच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. सर दोन दिवसांनी सापडले, नदी जिथे रुंद होते तिथे.

बॅग न्यायला सरांची थोरली बहीण आली. ऑफिसात टेबलावर बॅग उघडली, तर आत एक शर्ट आणि टूथब्रश. बाईंनी बॅगेचे कप्पे चाचपून पाहिले. मग म्हणाल्या की बॅग त्यांनी स्वतः भरून दिली होती, काट्यावर ठेवून, नियमाप्रमाणे. बाकीचं कुठे आहे? मालकीणबाईंनी दाजींकडे पाहिलं. बॅग शेवटी यांच्याच हातून गेली होती.

दाजी म्हणाले, "चोरलं नाही कुणी. सर रोज थोडं थोडं मागे ठेवत होते."

"तुम्हाला माहीत होतं?" सरांच्या बहिणीनं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

बाई रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. बॅगेची चेन लावत म्हणाल्या, "तुम्ही चोरलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं."

हे वाक्य दाजींनी घरी येऊन अक्काला सांगितलं, मला सांगितलं, आणि मग कुणालाच काही सांगितलं नाही. अक्कानं परोपरीनं समजावलं. लॉजवाल्यांनाही दिसलं होतं, सरांनी काही सांगितलं नव्हतं, तुमचा काय दोष. दाजी ऐकून घ्यायचे. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी बॅगवाल्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. झोप लागली का, घरी फोन केला का, एकटेच का आलात. अर्धा किलो कमी भरलं तरी विचारायचे, काय काढलंत. एका बाईंच्या वाटेत ते उभेच राहिले, काय ठेवलं ते सांगितल्याशिवाय सोडेनात. तिनं शाम्पूची बाटली संपली म्हणून टाकली होती. ती घाबरली. मालकीणबाईंनी त्यांना बसवून चहा दिला आणि कामावरून काढलं.

महिनाभर दाजी घरात बसून होते. मग एक दिवस माझ्याकडे आले आणि सायकल मागितली. अकरा वर्षं हायवेनं गेलो, म्हणाले, वाट कधी पाहिलीच नाही. छप्पन्न वर्षांचे, गुडघे कामातून गेलेले. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, जाऊ दे, मन रमेल. जुनी पुस्तिका त्यांच्याकडे होतीच.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पोचलो, एवढंच. पाचव्या दिवशी फोन दुपारीच आला. "पुलापाशी आहे. न्यायला ये."

मी अक्काला तिच्या कामावरून उचललं. दोन तासांच्या रस्त्यात ती दाराची कडी घट्ट धरून बसली होती. दाजी पुलाच्या अलीकडे मैलाच्या दगडावर बसले होते, डोक्यावर हेल्मेट तसंच. अक्का उतरून धावत गेली आणि त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले. त्यांनी ते खाल्ले.

सायकल गाडीवर बांधताना मी विचारलं, काय दिसलं वाटेवर.

"काही नाही रे. शेतं, वारा आणि बाण रंगवलेले दगड. दिवसभर माणूस भेटत नाही. लॉजवर रोज नवीन बाई चावी देते." मग म्हणाले, "सरांना रोज सकाळी भेटणारा, रोज तोच, असा मी एकटाच होतो."

मी दोरीची गाठ पुन्हा आवळली.

त्यानंतर दाजी कामाला गेले नाहीत. अक्का सकाळी जाते ती संध्याकाळी येते. तिनं सांगितलंय म्हणून मी दुपारी जाऊन त्यांच्याशेजारी बसतो. ते खिडकीकडे तोंड करून असतात. जेवलात का, विचारलं की हो म्हणतात. बरं आहे ना, विचारलं की बरं आहे म्हणतात. त्याच्या पुढे काय विचारायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.