मामांच्या दोरीवरचा लाल तुकडा

आमच्या शहरातून ज्याला कुणाला संशोधनातली नोकरी लागली, तो माझ्या मामांच्या दुकानातूनच पुढे गेला, असं मामांचं म्हणणं आहे आणि माझी त्याला पूर्ण साथ आहे. विद्यापीठाच्या गेटासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. स्वतः दहावीत दोनदा आपटलेले. पण संशोधन सहायकाची जागा कुठे निघाली, वयाची अट काय, हे त्यांना विभागप्रमुखांच्या आधी ठाऊक. रोज सकाळी जाहिरातींच्या प्रिंट काढायच्या, चिमट्याने दोरीला टांगायच्या आणि कोपऱ्यात शाईचं बोट ओढायचं: मेंदूविज्ञानाला लाल, समाजशास्त्राला हिरवं, इतिहासाला पिवळं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या होत्या, खुणेशिवाय कळप सोडायचा नाही ही शिस्त अंगात मुरलेली. शिवाय गिऱ्हाइकाने आपलं संशोधन समजावून सांगितल्याखेरीज ते मशीनला हात लावत नाहीत. एका बाईंना त्यांनी अर्धा तास बसवून ठेवलं. “मॅडम, मलाच समजंना, तर तिथल्या सायबाला काय समजणार?” बाई लई तणतणल्या, पण निवड झाल्यावर पेढे घेऊन आल्या.

दोन वर्षं मी घरी बसून मेंदूविज्ञानातल्या जागेची वाट बघत होते आणि पुढच्या महिन्यात वयाची अट ओलांडणार होते. अशात बंगळुरूहून एक जाहिरात आली. तिन्ही विषयांच्या जागा एकाच कागदावर! एका कागदाला तीन रंग मामांना कसे चालावेत? त्यांनी कात्री घेतली आणि तीन तुकडे केले. माझ्या लाल तुकड्यावर सगळं होतं, फक्त शेवटची तारीख नव्हती. ती पिवळ्या तुकड्याच्या तळाशी गेली होती. मी आपली निवांत, आईबरोबर गुलमंडीच्या बाजारात साड्या बघत बसलेले. दुपारी इतिहासाचा एक उमेदवार पिवळा तुकडा घेऊन दुकानात आला, तेव्हा कुठे मामांनी तारीख वाचली. आजच, पाचपर्यंत! सणावारीही बंद न होणारं दुकान त्या उमेदवाराच्या हवाली करून ते आईच्या नेहमीच्या साडीवाल्याकडे धडकले आणि मला स्कूटरवर घालून घेऊन आले.

साडेचार वाजले होते. कागद स्कॅनला दिले, तर मामा मशीनसमोर आडवे उभे. “आधी सांग, तिथं करणार काय?”

मला रडूच फुटलं. “मामा, चेहरा ओळखताना मेंदूत काय होतं, ते शोधणार!”

“मंग असं बोल की! खूण लागायची ती आम्हाला. तुझा आजा दोनशे मेंढ्या तोंडावरून वळखायचा. टाक हेच अर्जात.”

टाकलं. मुलाखतीत निम्मे प्रश्न आजोबांच्या मेंढ्यांवरच निघाले आणि जागा मला मिळाली.

निघायच्या दिवशी सगळे स्टेशनवर आले, मामा आले नाहीत. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणाले. आता इथे बंगळुरूत रोज सकाळी त्यांनी पाठवलेला फोटो येतो: दोरीवरची नवी जाहिरात, आपल्या शहरातली. मेंदूविज्ञानाची जागा तिकडे अजून निघालेली नाही, म्हणून कधी समाजशास्त्राची येते, कधी इतिहासाची, एकदा तर ग्रंथालयातली आली. फोटो बघून हसू येतं आणि मामांची फार आठवण येते. परवा मी कळवलं, “मामा, हा माझा विषय नाही.”

लगेच उत्तर आलं, “ठाव हाय. पण गाव तर आपलं हाय.”

मी फोटो पुन्हा उघडून मोठा करून पाहिला. जाहिरात इतिहासाची होती, आणि कोपऱ्यात बोट ओढलेलं होतं लाल.