रतनबाईंनी खाट काढली

आजाऱ्याला भेटायला यावं, पण त्याचा जीव घ्यायला येऊ नये, हे आमच्या भावकीला कोण शिकवणार? मी या घरची सून. सांगते ते रागानेच सांगते.

माझे सासरे मच्छिंद्रराव यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या. नगरच्या डॉक्टरांनी बायपासची तारीख महिन्यानंतरची दिली आणि बजावलं, "झोपवून ठेवू नका. अंगात ताकद आणि फुफ्फुसात दम नसेल तर ऑपरेशनची जोखीम वाढते. सांगितलं तेवढं रोज चालवा, छातीत दुखलं की थांबवा."

राहुरीला परतलो, तर सासऱ्यांचे थोरले भाऊ आबासाहेब यांनी ओट्यावर खाट टाकून ठेवलेली. मग काय, माणसांची रीघ लागली. जो येई तो म्हणे, "उठू नका, पडून ऱ्हावा." आजारी माणूस उभा दिसला तर यांना भेटल्यासारखं वाटत नाही! कुणी पेढे चारले, कुणी पाय चेपले. सासूबाई रतनबाई चहा करकरून थकल्या. "यांना चालायचंय," असं त्या एकदा म्हणाल्या, तर आबासाहेब कडाडले, "लोक काय म्हनतील?" थोरल्या दिरापुढे चाळीस वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या गप्प बसल्या. मीही बसले, त्याचा राग मला अजून येतो.

महिन्याने डॉक्टरांनी सासऱ्यांना सहा मिनिटं चालायला लावलं. तिसऱ्या मिनिटाला ते भिंत धरून खाली बसले. छाती दुखत नव्हती, पायच लटपटत होते. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. "तवर काय झालं तर?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी नवी तारीख लिहून कागद पुढे केला.

घरी येताच सासूबाईंनी गादी गुंडाळली आणि खाट ओढत गोठ्यात नेली. दुसऱ्या दिवशी पाहुणे हजर! "भेटायचंय? मंग चला संगं," म्हणत त्या नवऱ्याला घेऊन कालव्याच्या रस्त्याला लागल्या. हळूहळू, थांबत, पुन्हा चालत. निम्मे पाहुणे फाट्यावरूनच परतले.

आबासाहेबांनी वाट अडवली. "आजारी मानसाला मारती का?"

"मेलं तर कुंकू माझं जाईल! तुमची नुस्ती भेट चुकंल." डोक्यावरचा पदर सारखा करत त्या पुढे निघाल्या.

तीन आठवड्यांनी सासरे सहा मिनिटं पुरती चालले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर ते घाबरून पडले होते. सासूबाई तिथेही भडकल्या. "आपल्या पायानं घरी यायचं. आडवं आनलेलं मला चालनार न्हाई." दार बंद झालं तशा त्या फरशीवरच बसल्या.

दहाव्या दिवशी सासरे गाडीतून उतरले आणि ओट्याच्या पायऱ्या स्वतः चढले. वर आबासाहेबांनी खाट पुन्हा टाकून ठेवली होती, उशीसकट. सासूबाईंनी उशी घरात भिरकावली, खाटेवर जुनं लुगडं पसरलं आणि लाल मिरच्या वाळत घातल्या.